एकतीस नंबरची चिठ्ठी

३ मार्च, सोमवार

मालकांनी आज एकतीस नंबरचा दिवा बसवलाच. "दीड वर्ष एकच जागा बिघडलेली कशी राहते हो?" म्हणाले. काय सांगणार — की दिवा मीच सैल करून ठेवत होतो!

दुपारपर्यंत जागा गेलीसुद्धा. नवी मुलगी, केस मुलांसारखे बारीक कापलेले. अभ्यासिकेचे नियम सांगितले. बोलायचं नाही. फोन बंद. डुलकी आली तर खुशाल डोकं टेकायचं, पण आधी चिठ्ठीवर वेळ लिहून टेबलाच्या कडेला ठेवायची. त्या वेळेला मी येऊन टेबलावर दोन बोटांनी टकटक करतो. अंगाला हात लावत नाही.

"म्हणजे गजरकाका ते तुम्हीच," ती म्हणाली.

हे नाव हिला पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं?

५ मार्च, बुधवार

ही पोरं मला चेहऱ्यापेक्षा टाळूवरून जास्त ओळखू येतात. झोपलेल्याचं मला तेवढंच दिसतं. आज ती हातांवर डोकं टेकून झोपली होती. केसांत दोन भोवरे, शेजारी शेजारी. एक डावीकडे फिरलेला, एक उजवीकडे.

दीड वर्षापूर्वी एकतीसला बसायचा त्या पोराचेही भोवरे असेच होते — त्याच टेबलावर!

चिठ्ठीवर ३.४० होतं. चार वाजले तरी माझी बोटं उठेनात. शेवटी शेजारच्याने खुर्ची सरकवली आणि ती दचकून जागी झाली. "काका, वीस मिनिटं गेली ना माझी!" बरोबरच आहे तिचं.

६ मार्च, गुरुवार

बायको म्हणते, काल पुन्हा झोपेत भिंत ठोकत होतात. टकटक, टकटक. शेजारीण विचारून गेली, काही हवंय का म्हणून.

१० मार्च, सोमवार

बहीणच आहे त्याची. आज डबा खाताना तिनेच सांगितलं.

"घरी झोपच लागत नाही काका. त्याची खाट समोर असते. इथे डोकं टेकलं की गेलेच."

दिवसाला तीन तास झोपते. कालच्या सराव परीक्षेत उत्तरपत्रिकेतला एक गोळा चुकीच्या ओळीत भरला, पुढचे चाळीस सगळे एकेक ओळ खाली. उत्तरं येत होती सगळी! खरा पेपर तेवीसला. घरचे म्हणालेत, हा शेवटचा, मग पुरे. मी मोठ्या तोंडाने सांगितलं, "बाई गं, चार पानं कमी वाच पण झोप. वाचलेलं झोपेतच डोक्यात बसतं."

"दादाही शेवटी शेवटी हेच म्हणायला लागला होता."

मग एकदम म्हणाली, "तो गेला त्या दिवशी त्याचा मेसेज आला होता मला. आज इथेच ताणून देतो, संध्याकाळी येतो. मग भर दुपारी गाडी काढून निघाला कशाला?"

"काय माहीत," मी म्हणालो. डबा झाकून ठेवला. खाई त्याला खवखवे.

११ मार्च, मंगळवार

काय माहीत! असं म्हणालो मी!

१४ मार्च, शुक्रवार

तासभर एकच पान उघडं होतं तिच्यापुढे. डोळे खोल गेलेत. पुन्हा विचारत नाही, पण मी समोरून गेलो की बघते. निदान मला तरी तसं वाटतं. चोराच्या मनात चांदणं.

जाताना म्हणाली, "डोळे मिटले की दादा गाडीवर बसताना दिसतो. का निघाला ते एकदा कळलं ना, की झोपेन मी."

पेपर झाल्यावर सांगावं. आधी सांगितलं तर तिचं वर्ष जाईल. पण न सांगताही जातंच आहे की. आणि वर्षाचं निमित्त पुढे करून मी स्वतःचीच कातडी वाचवतोय, हेही मला कळतं.

१७ मार्च, सोमवार

इथे तरी लिहून टाकतो.

तो रोज २.३० ची चिठ्ठी ठेवायचा. त्या दिवशीही चिठ्ठी होती. मी ती वाचलीच नाही. अडीच वाजले आणि माझी बोटं सवयीने गेली. टकटक. त्याने डोकं वर केलं. डोळे लालभडक, तरी हसला. "जाऊ दे काका, आता उठलोच आहे तर घरीच जाऊन झोपतो."

मी म्हणालो, "सावकाश जा."

पुलाच्या कठड्यावर गेली गाडी. बघणारे म्हणाले, पेंगत होता.

संध्याकाळी टेबल पुसताना मी चिठ्ठी उचलली. "आज उठवू नका." एवढंच होतं तिच्यावर. तेव्हापासून ती याच वहीत आहे. कुणाला दाखवली नाही. बायकोलाही नाही.

१८ मार्च, मंगळवार

दिली. डबा खायच्या वेळी तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. तिने वाचली. त्याच्या अक्षरावरून बोट फिरवलं. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं! चिठ्ठी खिशात घातली, पिशवी उचलली आणि गेली.

तिचा डबा तसाच राहिला.

२१ मार्च, शुक्रवार

एकतीस रिकामी. आज तिसरा दिवस. डबा घासून ठेवलाय. बायको म्हणते, हल्ली भिंत ठोकत नाही, उठून बसता. ठोकत होतात तेच बरं होतं.

२३ मार्च, रविवार

पेपर दोनचा, समोरच्याच शाळेत. ती अकराला आली. डबा घेतला आणि एकतीसला जाऊन बसली. साडेबाराला डोकं टेकलं. टेबलाच्या कडेला चिठ्ठी — त्याचीच. "आज उठवू नका."

दोनदा वाचली. काय करावं सुचेना, म्हणून उचलून उलटी केली. मागे तिचं अक्षर. "१.१५ ला उठवा, काका."

पाऊण तास तिथून हललो नाही.