बारा रविवारांचं कार्ड

शनिवार, ४ जानेवारी
सिस्टरांच्या शाळेचा फॉर्म. किंमत शून्य. खरा खर्च: फाटकाबाहेर अडीच तास, दवाखान्याच्या लिफ्टचं सर्व्हिसिंग सोमवारवर, आणि बायकोशी एक भांडण (अर्धं फोनवर, उरलेलं जेवताना). तिचं म्हणणं, पाच मिनिटांवर चांगली शाळा आहे, पोरीच्या मैत्रिणी तिथेच जाणार, श्रद्धा घरात शिकवायची असते. मी म्हटलं, लिफ्टचा धंदा शून्यातून उभा केला तो एका तत्त्वावर: वर्षाचा मेंटेनन्स करार करून टाकायचा, मग मालकाला डोकं लावावं लागत नाही. पोरीच्या धर्माचं सिस्टर बघतील. ती म्हणाली, आत्मा म्हणजे लिफ्ट नव्हे. उत्तर सुचलं होतं, पण पोर ऐकत होती.

फॉर्मसोबत एक कार्ड, ते भरलं तरच प्रवेश. बारा रविवार, प्रत्येकापुढे दोन चौकोन: आई, वडील. चर्चमधला मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपला की धर्मशिक्षणाच्या टीचर मुलांनाच विचारतात, कोण कोण आलं, आणि शिक्का मारतात. मोठी माणसं फेकतात, मुलं फेकत नाहीत. आमची तर नाहीच. सात वर्षांची आहे, पण तिच्या तोंडून खोटं निघायचं नाही. हे वळण माझं.

संकल्प: बाराच्या बारा. पहिला बाक.

रविवार, ५ जानेवारी
गेलो. सातवा बाक. बायबलच्या दुसऱ्या वाचनाला फोन, चौथ्या मजल्यावर लिफ्टमध्ये एक बाई अडकली. बाहेर आलो. तरी शिक्का मिळाला. सुरुवात चांगली.

रविवार, १९ जानेवारी
उशीर झाला. पार्किंगमध्ये गाडीत बसून लाउडस्पीकरवर मिस्सा ऐकला. मोटारच्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगणारे कान आहेत हे. प्रवचन शब्द न् शब्द ऐकलं. विषय: श्रद्धेने कोमट माणसं. आजूबाजूला बरीच आहेत.
पोरीला म्हटलं, टीचरना सांग, पप्पा मागे आहेत. म्हणाली, मागे म्हणजे कुठे? म्हटलं, मागेच.

रविवार, २ फेब्रुवारी
अंग मोडून आलं होतं. अंथरुणातूनच पोरीला सांगितलं, नेहमीचं सांग. ती म्हणाली, पण पप्पा, तुम्ही तर घरी आहात. समजावलं, आठवडाभर राबणाऱ्या माणसाचं मन चर्चमध्येच असतं. ती आईबरोबर गेली. मग शिक्का घेऊन आली.
पुढच्या रविवारपासून कडक.

रविवार, ९ मार्च
पोर आता काही विचारत नाही. बूट घालते, आईबरोबर जाते, कार्ड आणून टेबलावर ठेवते. बायको म्हणाली, टीचरसमोर मी मान खाली घालून उभी असते, आणि ही माझ्याकडे न बघता सांगते. तुम्ही तिला काय शिकवताय ते कळतंय का? मी म्हटलं, धंद्यात याला समज म्हणतात. ती म्हणाली, मग घाला तिला धंद्यात, शाळा कशाला हवी?
जिभेला हाड नाही.

रविवार, २३ मार्च
कार्ड पूर्ण. चोवीस शिक्के. माझी प्रत्यक्ष हजेरी तीन. गाडीतली धरून चार.

गुरुवार, २७ मार्च
मुलाखत. मोठ्या सिस्टरांनी कार्ड पाहिलं आणि पोरीला विचारलं, पप्पा मिस्साला कुठे बसतात? पोर म्हणाली, खांबाजवळ, आईच्या उजवीकडे, आणि गाताना डोळे मिटतात. सिस्टर हसल्या. बायको पर्सची चेन उघडझाप करत राहिली.
मी गाताना डोळे मिटतो हे मलाही नवीन.

बुधवार, २ एप्रिल
नाव यादीत. केक आणला. बायकोने तोंडाला लावला नाही. पोरीने वरचं क्रीम तेवढं खाल्लं आणि विचारलं, शनिवारी पहिलं कन्फेशन आहे, त्यात सगळं सांगायचं असतं का? फादरनी सिस्टरना सांगितलं तर माझं नाव काढतील? म्हटलं, फादर कुणाला सांगत नाहीत. तरीपण लहानसहान गोष्टींनी त्यांना कशाला त्रास द्यायचा?
ती म्हणाली, ही लहान आहे का?
तेवढ्यात फोन आला.

शनिवार, ५ एप्रिल
पोरीचं कन्फेशन झालं. मी न्यायला गेलो तेव्हा पायरीवर बसली होती. विचारलं, सांगितलंस? हो म्हणाली, सगळं. फादर रागावले नाहीत, तीन वेळा नमो मरिया म्हणायला सांगितलं, डोक्यावर हात ठेवला. ऐकून छातीवरचं ओझं उतरलं. बायकोला म्हटलं, बघ, मिटलं की नाही? करार सुरू व्हायच्या आधीच काम चालू.

रविवार, ६ एप्रिल
आज कुणी न सांगता गेलो. वेळेवर, पहिल्या बाकावर, फोन बंद. मिस्सानंतर टीचर समोर आल्या. विचारलं, आपण कुणाचे पालक? सांगितलं. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, काल सगळी मुलं कन्फेशनला आत गेली, तुमची मुलगी तेवढी बाकावरून उठली नाही.