मधली ओळ

बाई, मी तुमच्याशी खोटं बोलत होते. एकदा-दोनदा नाही, चांगलं दीड वर्षं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. तुम्ही होतात तेव्हा तोंड उघडलं नाही आणि आता तुम्ही नाही तर लिहायला बसलेय, म्हणजे बघा माझं शौर्य.

ऐरोलीत तेव्हा निम्म्या सेक्टरात माणसंच राहायला आली नव्हती. मुलुंडचा पूल व्हायचा होता, संध्याकाळी कंपन्यांचा वास सुटला की आई खिडक्या लावून घ्यायची, आणि अशा ठिकाणी तुम्ही आम्हा सहा मुलींना वृंदगान शिकवायला निघाला होतात. एकाच वेळी तीन ओळी, खालची, मधली, वरची. तिन्ही वेगळ्या आणि तरी एकमेकींना धरून. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, एवढ्या पोरी आहेत तर सगळ्या एकसारखं का नाही गात? तुम्ही हसायचात. लग्नाआधी दादरला असताना तुम्ही स्वतः मधली ओळ गायचात. ती वेगळी कुणाच्या लक्षात येत नाही, पण नसली की गाणं पोकळ होतं, असं सांगायचात. ती ऐकू यावी म्हणून तुमची परीक्षा असायची. एकेकीने शोकेसकडे तोंड करून उभं राहायचं, पाठीमागे तुम्ही सा देऊन पेटीच्या तीन पट्ट्या एकदम दाबणार, आणि आम्ही त्यातला मधला स्वर गाऊन दाखवायचा. एकेकटा स्वर मला येत होता हो. तिन्ही एकदम आले की मात्र आमटी-भात कालवल्यासारखं सगळं एक व्हायचं. बाकीच्या चाचपडायच्या, चुकायच्या, बोलणी खायच्या. मी कधी चुकले नाही, कारण शोकेसच्या काचेत मला तुमची बोटं दिसायची.

झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही आमच्या घरी येऊन आईला सांगितलंत की पोरीला देवाने कान दिलाय. आईने कौतुकाने खिचडी केली. जाताना तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलेली तिन्ही ओळींची वही मला दिलीत. ती घेतानाही मी लाजल्यासारखं केलं, काय नाटकी पोरगी होते मी.

पुढे तुम्हाला तो मोठा ताप आला आणि डाव्या कानाने कमी ऐकू यायला लागलं. उजवा ठणठणीत आहे असं डॉक्टर म्हणाले, पण तुमचा विश्वास उडाला तो उडालाच. वाशीला कार्यक्रम ठरलाय, तालीम चाललीय. तुम्ही पेटी थांबवता. अंतऱ्याला मधल्या मुली वरच्या ओळीत सरकतायत असं तुम्हाला वाटतं. पुन्हा म्हणून घेता, पुन्हा थांबता, मग माझ्याकडे बघता.

"तू सांग गं. माझ्या कानांचा आता भरवसा नाही."

मी खालच्या ओळीत होते, मला काही म्हणजे काही कळलेलं नव्हतं. पाचही जणी माझ्याकडे बघत होत्या.

"बरोबर आहे, बाई."

पुढच्या तालमीला तुम्ही परत विचारलंत, मी परत तेच. मग तालीम टेप करून कॅसेट माझ्याकडे दिलीत, घरी शांतपणे ऐक म्हणून. मी ती न ऐकताच सांगितलं, सगळं जागच्या जागी आहे. त्यानंतर तुम्ही विचारलं नाही. कार्यक्रमातून आमचं नाव काढून घेतलंत, पेटीवर चादर घातलीत आणि आईला म्हणालात, बरोबर गाणाऱ्या पोरींना मी चूक म्हणतेय, बहिऱ्या बाईने शिकवू नये. पुढे पाच वर्षं तुम्ही जगलात आणि पेटीला हात लावला नाही. त्यात एकदा मी सांगायचं ठरवून आले होते. तुम्ही स्वयंपाकघरात मेथी निवडत होतात. "गातेस ना गं?" एवढंच विचारलंत. मी हो म्हणाले, तुमच्याबरोबर अर्धी जुडी निवडली आणि घरी आले.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीने ती कॅसेट ऐकली. ती कीबोर्ड शिकते. अंतरा सुरू झाला आणि मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "आई, इथे मधल्या मुली वरचंच गातायत." मी चार वेळा मागे नेऊन ऐकलं. मला अजूनही सगळं एकच ऐकू येतं. इतक्या वर्षांत काही सुधारलं नाही आणि आता सुधारणारही नाही.

तर बाई, तुमचे कान शाबूत होते. तुम्हाला ऐकू आलं ते अगदी खरं होतं. मला तेव्हा काचेचं सांगायचीही गरज नव्हती; मला कळत नाही, एवढं म्हटलं असतं तरी तुम्ही स्वतःवर विश्वास ठेवला असता. मी तुमचं गाणं घालवलं, आणि ते परत द्यायची काही सोय नाही.

तुमच्या मागे काका आता खांदेश्वरला तुमच्या मुलाकडे असतात. पत्ता आहे माझ्याकडे, पण हे त्यांना पाठवणार नाही. मागे एका लग्नात भेटले, तेव्हा चार लोकांत माझा हात धरून म्हणाले, हिच्यासारखा कान आमच्या घरी शिकलेल्यांत दुसऱ्या कुणाचाच नव्हता. आणि बाई, मला ते आवडलं.