कोकणकड्यावर न लावलेला बोर्ड

मु. सोनई, ता. नेवासे
दि. २१ जानेवारी १९४६

राजमान्य राजश्री कानिफनाथ मास्तर, मुक्काम देवळाली प्रवरा, यांस नबीलाल पेंटर याचा सलाम आणि रामराम, दोन्ही. इकडे आम्ही सारी खुशाल आहोत, फक्त माझे गुडघे खुशाल नाहीत, त्याचे कारण पुढे येईलच. आपली प्रकृती, मालनवहिनींची प्रकृती आणि दारातली गाय, सर्व उत्तम असेल असे धरून चालतो. (आठ वर्षांनी लिहितो आहे म्हणून अहो-जाहो घातले. हाताला सवय नाही, लवकरच अरे-तुरे होईल, राग मानू नये. मानायचाच असेल तर जुना शिल्लक आहे त्यातच मिळवावा.)

बोलणे बंद झाले ते तुझे आणि माझे. बायकांनी ते कधी मनावर घेतले नाही. दर ईदेला आमच्या घरून शिरखुर्म्याचा एक डबा नाहीसा होतो आणि दर दिवाळीला तोच डबा फराळाने भरून परत येतो. हा फराळ कोणाकडचा, असे मी आठ वर्षांत एकदाही विचारलेले नाही, मुकाट्याने खातो. तूही शिरखुर्मा तसाच खात असशील. (यंदाचे अनारसे अंमळ कडक होते. बिबीजानने शेवटी खलबत्ता काढला. हे वहिनींना अजिबात सांगू नकोस.)

भांडण तुला आठवत असेलच, तरी पुन्हा लिहितो, कारण माझ्या डोक्यात ते इतकी वर्षे उलटे बसले होते. नगरला बोर्डिंगात असताना आपण शपथ घेतली होती की हरिश्चंद्रगडावर जाऊ तर दोघे मिळून जाऊ, एकट्याने कोणी जायचे नाही. मग तू मास्तर झालास, मी बोर्ड रंगवू लागलो, आणि गड आपल्या जागी राहिला. अडतीस साली तू सोनईला आला होतास तेव्हा छगनशेठच्या दुकानापुढे दहा माणसांत गोष्ट निघाली, आणि तू म्हणालास की थंडीच्या दिवसांत मावळतीला गडाच्या कोकणकड्यावरून समुद्र दिसतो. मी म्हटले, तू गेलास कधी? तू गप्प बसलास. मला चेव चढला. मास्तर होऊन थापा मारतो, मुलांना भूगोल असाच शिकवत असशील, असे मी त्या दहा माणसांत बोललो, आणि त्यातल्या चौघांची मुले तेव्हा देवळालीला तुझ्या हाताखाली शिकत होती. तू टोपी घातलीस आणि निघून गेलास. मी जिंकलो असे छगनशेठ म्हणाला आणि त्याने मला चहा पाजला. तो चहा मी प्यालो, याची आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

यंदा पौषात मनाने घेतले की हा वाद आता कायमचा मिटवून टाकावा. (मिटवणे म्हणजे तुला खोटे पाडणे, हा माझा त्या वेळचा अर्थ.) तीन फूट बाय दोनचा पत्रा घेतला, पांढरा रंग दिला, लाल किनार काढली आणि काळ्या अक्षरांत लिहिले: ‘येथून समुद्र दिसत नाही.’ खाली बारीक अक्षरांत, ‘नबीलाल पेंटर, सोनई. सर्व प्रकारचे बोर्ड रंगवून मिळतील.’ बिबीजानने विचारले की त्या कड्यावर बोर्ड रंगवून घेणारे कोण गिऱ्हाईक बसले आहे. मी ब्रश धुवायला घेतले.

संगमनेरपासून पुढची मोटार कोळशावर चालणारी होती, म्हणजे चढ आला की आम्ही उतरून तिला ढकलत होतो आणि उतार आला की ती आमची वाट न पाहता जात होती. बोर्ड मी मांडीवर घेऊन बसलो होतो. अकोल्यात एक गृहस्थ मला सरकारी माणूस समजून आपल्या बांधाची तक्रार सांगत बसले. राजूरपासून पायी. पाचनईला पोचलो तेव्हा पाय माझे राहिले नव्हते. तिथे आसाराम नावाच्या माणसाकडे उतरलो. त्याची बायको झुंबरबाई हिने नाचणीची भाकरी आणि हुलग्याचे कढण वाढले, पण नजर सगळी बोर्डावर. धरणाच्या वेळीसुद्धा आधी अशाच पाट्या आल्या होत्या आणि मागून पाणी आले, असे तिचे म्हणणे पडले. यावर समुद्राचे नाव लिहिलेले आहे हे कळल्यावर तर ती फारच अस्वस्थ झाली. समुद्र येणार नाही, दिसणारसुद्धा नाही, असेच लिहिले आहे, हे समजावण्यात माझी निम्मी भाकरी गार झाली.

सकाळी आसारामने बोर्ड डोक्यावर घेतला आणि आम्ही निघालो. कातळाच्या पोटाखालून वाट आहे, एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला काही नाही. मी भिंतीकडे तोंड करून चालत होतो. (तू म्हणशील की मग पाहिलेस काय. कातळ पाहिला. चांगला आहे.) अर्ध्या वाटेवर दम खायला बसलो तेव्हा आसारामने इतका वेळ मनात ठेवलेले विचारले.

“पाव्हनं, जे हाय त्याची पाटी आस्ती. जे दिसत न्हाई त्याची पाटी कशापायी?”

वीस वर्षे मी या धंद्यात आहे, पण हा प्रश्न मला कोणी केला नव्हता. मी म्हटले, चल.

गडावर पोचल्यावर देवळाजवळच्या एका गुहेत सामान टाकले. गुहा गुराख्यांच्या चुलींनी आतून काळी झालेली. डोळे जरा सरावले तशी भिंतीवर गेरूची एक ओळ दिसली: ‘कानिफनाथ हजर. सन १९२९.’ तुझे अक्षर मी कुठेही ओळखीन. तुझ्या फळ्यावरून गिरवूनच मी माझे बोर्डाचे अक्षर सुधारले आहे. मित्रा, त्या क्षणी माझ्या अंगाचा भडका उडाला. म्हणजे हा येऊन गेला होता. शपथ मोडून, एकटा, मला न सांगता. आणि छगनशेठच्या दुकानापुढे चोरासारखा गप्प उभा राहिला. मी पिशवीतून काळ्या रंगाचा डबा काढला आणि तुझ्या नावावरून ब्रश फिरवला. एक हात देऊन थांबणे आमच्या धंद्यात बसत नाही, म्हणून दुसराही दिला. आसाराम पाहत होता. तो उठला आणि जरा लांब जाऊन बसला.

दुपार कलल्यावर कड्यावर गेलो. तिथे जमीन एकदम संपते आणि खालचा वारा वर येतो. त्याने बोर्ड असा धरला की आसारामने माझा कोट मागून पकडला नसता तर मी कोकणात उतरलो असतो, आणि समुद्र जवळून पाहिला असता. मग दोघे पोटावर पालथे पडून मावळतीची वाट पाहत राहिलो. बोर्ड खाली दाबून ठेवलेला, त्यावर माझी छाती. सूर्य बुडायला आला तेव्हा डोंगरांच्या पलीकडे, अगदी टोकाला, एक बारीक तांबूस रेघ पेटली. पाणी होते, की धुक्यावर पडलेले ऊन, देव जाणे. चारदोन मिनिटे होती, मग विझली. मी आसारामला विचारले की ते काय आहे. “रोज आस्तंय ते,” तो म्हणाला, “आमाला आजवर कुनी इचारलं न्हाई.”

बोर्ड मी लावला नाही. खिळे, हातोडी सगळे होते, पण हात होईना.

खरे सांगायचे ते आता सांगतो. दुसऱ्या दिवशी उजाडताना आसारामने त्या भिंतीशीच चहाला चूल पेटवली. जाळाच्या उजेडात माझ्या काळ्या पट्ट्याच्या हातभर खाली, काजळीत बुडालेली दुसरी एक ओळ वर आली. ‘नबीलाल गैरहजर. तरी हजर धरावा.’

चहा उतू गेला एवढे आठवते. मग एकोणतीस साल आठवले. आपले जायचे ठरले होते, वळकट्यासुद्धा बांधून झाल्या होत्या, आणि आदल्या दिवशी मला बेलापूर रोडच्या एका व्यापाऱ्याच्या पेढीचा बोर्ड मिळाला म्हणून मीच निरोप धाडला की पुढच्या वर्षी पाहू. ते मी साफ विसरलो होतो. तू गेलास, हजेरी लावलीस, माझीही लावलीस, आणि मला वाईट वाटू नये म्हणून कोणाला कळू दिले नाहीस. अडतीस साली नुसते ‘गेलो होतो’ म्हणाला असतास तर माझे तोंड तिथेच बंद झाले असते. त्याऐवजी तू स्वतःला खोटे म्हणवून घेतलेस. मी तुला ओळखले नाही रे, कानिफ. तुझे अक्षर ओळखले आणि तुला ओळखले नाही.

कंदिलातले घासलेट ओतून काळा रंग पुसायचा प्रयत्न केला. (रेशनचे घासलेट, बिबीजानला अजून सांगितलेले नाही.) रंग निघाला तसा खालचा गेरूही निघाला. आता त्या भिंतीवर तू नाहीस. फक्त मी आहे, गैरहजर.

‘लोभ आहेच तो वाढावा’ असे लिहितात, पण तो कितपत उरला आहे हे मला माहीत नाही. असेल तेवढा कळवावा.

तुझा,
नबीलाल

ता. क. – बोर्ड झुंबरबाईने ठेवून घेतला आणि कोंबड्यांच्या खुराड्याला दार केले. आतून समुद्र दिसत नाही हे खरेच आहे, त्यामुळे माझे काम अगदीच खोटे ठरले नाही. आता मुद्दा. शिमग्याच्या आत आपण दोघे गडावर जाऊ. तुझी ओळ तुझ्याच हाताने परत लिहायची आहे, माझ्या अक्षरात ती नको. गेरू मी आणतो. या वेळी पेढीचा काय, कलेक्टरचा बोर्ड मिळाला तरी निरोप धाडणार नाही.

दुसरा ता. क., दि. २४ – पत्र टपालात टाकायला काढले तेव्हा बिबीजानने विचारले की हे भाऊजींना वाचून कोण दाखवणार. मग तिने सांगितले. दिवाळीपासून तुला अक्षर दिसत नाही, उजेड आणि अंधार तेवढा कळतो, आणि नगरच्या डॉक्टरांनी गेले ते परत येत नाही म्हणून सांगितले. तिला दोन महिने माहीत होते. आजवर का बोलली नाहीस म्हणून मी ओरडलो, तर म्हणाली की या घरात ते नाव घ्यायचे नाही, असे तुम्हीच बजावले होते. वर मी प्रकृती उत्तम असेल असे लिहिले आहे. ते खोडत नाही. माझी किंमत त्यावरून कळू दे.

म्हणजे हे मालनवहिनी वाचत आहेत. वहिनी, सलाम. अनारशांचा मजकूर वाचून झाला असेल. कडक होते हे खोटे नाही, पण आम्ही डबा चाटून पुसून संपवला हेही खोटे नाही. आता पुढचे त्यांना सावकाश वाचून दाखवा.

कानिफ, बेत बदलत नाही. आसारामला निरोप धाडला आहे, तो आणि त्याचे भाऊ डोली करून तुला वर नेतील. गुहेत मी तुझा हात भिंतीवर नेऊन ठेवीन, लिही. मग आपण कड्यावर बसू, मावळती होईपर्यंत. समुद्र दिसतो का ते मी सांगणार नाही, तूच सांगायचे. तुला उजेड कळतो ना? मग झाले. मला तरी त्या संध्याकाळी त्याहून जास्त काय दिसले होते?