लस लागेना

प्रिय धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? माझी प्रकृती तू विचारली नाहीस, म्हणून आपणहून कळवते.

तुला नात झाली तेव्हा तुझी बायको फोनवर म्हणाली होती, "ताई, बाळ तान्हं आहे, सगळ्या लसी घेऊन मगच या हं." (एचआयव्ही हा शब्द तिने टाळला. तुझे मेहुणे जाताना घर पुतण्याच्या नावे आणि हे माझ्या नावे करून गेले, तरी तोंड चुकवायचे ते माझेच.) हा आजार मांडीवर बाळ घेऊन कुणाला होत नाही आणि त्यावर लसही नाही, हे सांगायच्या आत तिने फोन ठेवला. मी गेले दवाखान्यात. लसीच्या खोलीत भिंतीवर हत्ती, खुर्च्या गुडघ्याएवढ्या. शेजारच्या आईने विचारले, "बाळ कुठंय?" म्हटले, मीच. नर्सने सवयीने "झालं हं, शूर बाळ" म्हणून दंड चोळला.

काविळीच्या लसीचे सगळे डोस झाले, रक्त तपासले आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लस लागू पडली नाही. म्हटले, कमाल आहे, रोग बरा न बोलावता लागला. त्या हसल्या नाहीत. लस म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांना चोराचा फोटो दाखवणे, त्या म्हणाल्या. माझे पहारेकरी एचआयव्हीने कमी केले, उरलेले विसराळू. फोटो बघतात, मान डोलावतात, विसरतात. (आपल्या घरच्यांसारखेच.) गोळ्यांनी त्यांची संख्या सुधारली आहे, तेव्हा दुप्पट मात्रेने पुन्हा सुरुवात करू. "शरीर प्रतिसाद देईल, जरा उशिरा." म्हटले, सवय आहे, भाऊही तसाच.

हे सगळे होईतो नात चालू लागली म्हणे. फोटो पाहिला. पहारेकरी विसरत असतील, मी विसरत नाही.

तुझी,
ताई

ता. क. परवा अहवाल आला. या वेळी लागू पडली. मात्र या लसीने रक्षण माझे होते, नातीचे नाही. हे तुझ्या बायकोला तू समजाव, माझा फोन ती ठेवते.

आणखी ता. क. रविवारी येते आहे. दार तू उघड. माझ्यासाठी कडेला ठेवलेला तो कानतुटका कप फेकून दे. नातीला सर्दी असेल तर कळव, मास्क लावून येईन. जपायचे मला आहे.

शेवटचे ता. क. तिला माझा लळा लागला तर त्यावर लस नाही. डॉक्टरीणबाईंना विचारून ठेवले आहे.