धुळवडीचं मटण

आई, आखाडातल्या शेवटच्या रविवारी दुकानापुढे रांगा लागतात, म्हणून मी आज बुधवारीच मटण आणलं. नेहमीप्रमाणे अर्ध्या अर्ध्या किलोचे वाटे केले, पिशव्यांतली हवा दाबून काढली, लवकर गोठावं म्हणून त्या हाताने चपट्या केल्या आणि चिठ्ठ्यांवर तारखा घालायला बसले. हे काम इतकी वर्षं करते आहे की त्यात डोकं घालावं लागत नाही. आज तिसऱ्या चिठ्ठीवर पेन थांबलं. समोर तू उभी राहिलीस, हिंजवडीच्या घरातल्या ओट्यापाशी, ओले हात पदराला पुसत.

आपल्या रानात कंपन्या उभ्या राहिल्या, त्यानंतर तू ते नवं घर बांधलंस आणि वरच्या खोल्या नोकरदार पोरांना भाड्याने दिल्यास. मोठा फ्रीज मी घेऊन दिला. पहिल्याच धुळवडीनंतर येऊन उघडला, तर वरच्या कप्प्यात रंगीत चिंध्या बांधलेल्या पिशव्या. जुन्या लुगड्यांचे काठ फाडून तू त्या बांधल्या होत्यास. तांबडी चिंधी धुळवडीची, हिरवी जत्रेची. एक गाठ असली की कलेजी, दोन असल्या की खिमा, तीन असल्या की रश्श्याचं. तू मला हे कौतुकाने सांगत होतीस. मी म्हटलं, "फ्रीज आहे की गोधडी शिवायला घेतलीयस?" तू हसलीस. मी हसले नव्हते. मी गृहविज्ञानाची पदवीधर, मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर माझ्या हाताखाली. सगळ्या चिंध्या कात्रीने कापून कचऱ्यात टाकल्या आणि प्रत्येक पिशवीवर माझ्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली. मग तुला नियम सांगितले. मटण ओट्यावर ठेवून वितळवायचं नाही, आदल्या दिवशी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात ठेवायचं, म्हणजे रक्ताचं पाणी भाजीवर सांडत नाही. एकदा वितळलेलं कच्चं पुन्हा गोठवायचं नाही. शिजलेलं उरलं तर पसरट भांड्यात काढून लवकर निववायचं आणि लगेच आत ठेवायचं. तू प्रत्येक वाक्याला मान हलवत होतीस. "हाय, हाय. आलं ध्यानात."

त्याच वर्षी माझ्या मुलीचं लग्न झालं. तिच्या सासरच्यांना आखाडात जेवायला बोलावायचं तूच ठरवलंस. "एकदा माज्या हातचं खाऊ दे त्यास्नी," म्हणालीस. मी आठवडाभर आधी ताजं मटण आणून, चिठ्ठी लावून तुझ्या फ्रीजरमध्ये ठेवून गेले. त्या दिवशी सकाळी आले तेव्हा पाहुणे माझ्याआधीच पोचले होते. तू मटणाला हळद-मीठ लावून ठेवलं होतंस, कांदा-खोबरं भाजून झालं होतं, घरभर वास सुटला होता. आणि ओट्यावर रिकाम्या पिशवीला चिकटलेली चिठ्ठी होती. मी ती उचलली.

"आई, हे धुळवडीचं आहे! चार महिन्यांचं! आखाडाची पिशवी वेगळी होती ना? एवढं ठसठशीत लिहिलंय, वाचता येत नाही का?"

विहीणबाई पाण्याचा तांब्या न्यायला दारात आल्या होत्या. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, त्यांच्याकडेही नाही. मटणाच्या पातेल्याकडे बघत म्हणालीस, "दगडावानी व्हतं गं काल काढलं तवा. वास बी न्हाई." मी ते पातेलं उचललं आणि बादलीत उपडं केलं. विहीणबाई म्हणाल्या, "अहो, राहू द्या हो, आम्ही काय मटणावर रुसून बसणारी माणसं आहोत का?" मी त्यांना ऐकवलं की पाहुण्यांच्या तब्येतीशी खेळ मला चालत नाही. तू त्या भाजलेल्या वाटणात अंडी सोडलीस. सगळे जेवले, सगळ्यांनी तुझ्या रश्श्याचं कौतुक केलं. तू मात्र पंगतीला बसली नाहीस.

हा प्रसंग मी पुढे कितीदा सांगितला. वसतिगृहातल्या स्वयंपाकिणींना, सुनेला, विहीणबाईंनाही हसत हसत. सांगताना मी नेहमी वेळेवर धावून आलेली. पण ते मटण खराब नव्हतं, आई. सलग घट्ट गोठलेलं राहिलं तर चार महिन्यांनी फार तर चव थोडी उतरते, पोटाला काही होत नाही. कंपन्यांमुळे तुझ्याकडची वीज तासभरसुद्धा जात नव्हती. आणि वितळवलं होतंस ते मी शिकवल्याप्रमाणेच, खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात. चूक फक्त पिशवीची झाली होती, आणि ती ओळखायची तुझी खूण मीच कापून टाकली होती. हे सगळं मला पातेलं उचलतानाच कळलं होतं. पण तोवर मी दारातल्या माणसासमोर मोठ्याने बोलून बसले होते, आणि बोललेलं मागे घेणं मला कधी जमलं नाही. तुला वाचता येत नाही हेही मला ठाऊक होतंच. तुझ्या अंगठ्याला शाई लावून तो कागदावर सहीच्या जागी टेकवणारी मीच.

त्यानंतर तू विचारल्याशिवाय फ्रीजर उघडला नाहीस. दसरा असो, जत्रा असो, आधी मला फोन. "दुसऱ्या फळीवरची पिशवी हाय, मोठी. काढू का गं?" ज्या बाईने एका चुलीवर अख्ख्या भावकीची पंगत उठवली, ती अर्धा किलो मटणासाठी माझी परवानगी मागायची. मी खेकसून नव्हे, चांगलं शांतपणे सांगायचे, "काढ, पण ओट्यावर ठेवू नकोस." तू "बरं" म्हणायचीस. तू जाईपर्यंत हे असंच चाललं.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. ते फोन मला आवडायचे. तू भीतीने विचारतेस हे कळत होतं, तरी आवडायचे. एखाद्या सणाला फोन उशिरा आला तर मी वाट बघायचे.

हे कुठे पाठवायचं नाही. तू असतीस तरी पाठवलं नसतं. घरी आलेलं पत्र तुला वाचून दाखवायचं काम माझं होतं, आणि हे मी तुझ्यासमोर मोठ्याने वाचू शकले नसते.