तिरकी खाट

शेवगाव, ८ डिसेंबर १९९६

चि. कानिफ यास राहीताईचे अ. उ. आ.

तुझी फ्लॉपी एस.टी.च्या कंडक्टरने नीट पोचवली, पण गुण काही नाही. पडद्यावर ताऱ्याभोवती लाल चौकट येते, दुर्बिणीची मोटर कुरकुरते, आणि तारा सावकाश वर सरकत चौकटीबाहेर जातो. फोटोत ताऱ्यांच्या शेवया! प्रोग्रामचं नाव 'राखणदार' ठेवलंस. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

मामंजींना अर्धांग झाल्यापासून मी उंबऱ्याबाहेर पडते ती दळणापुरती. हे बदलीवर धुळ्याला. गच्ची तेवढी माझी. जानेवारीअखेर एक स्वच्छ फोटो गेला तरच तुमच्या वेधशाळेचा तीन महिन्यांचा वर्ग मिळेल. नाही मिळाला तर या घरात मी गुदमरेन, हे स्पष्टच लिहिते. मिळाला तरी मला कोण सोडणार, ते पुढचं पुढे.

घरी सर्वांस आशीर्वाद. माया आहेच, ती राहू दे.

राहीताई

पुणे, १५ डिसेंबर

ती. राहीताईस सा. न. वि. वि.

शिव्या पोचल्या. हाच प्रोग्राम माझ्या गच्चीवर तारा धरून ठेवतो. तो दुर्बिणीला फक्त पूर्व-पश्चिम ढकलतो. तारा वर पळतोय, म्हणजे स्टँडचा कणा ध्रुवाकडे नाही. तू उत्तर कुठून घेतलीस?

तुझ्या मामंजींना नमस्कार. धाकट्यावरचा लोभ कमी करू नकोस.

कानिफ

शेवगाव, २३ डिसेंबर

चि. कानिफ यास अ. उ. आ.

ध्रुव शेजारच्या नव्या मजल्याआड गेला, म्हणून स्टँड गच्चीच्या कठड्याला धरून लावला. हे घर मामंजींनी स्वतः दोरी धरून आखलेलं. अख्खी आळी त्यावरून दिशा सांगते. उत्तरेला डोकं मेलेल्याचं, म्हणून त्यांची खाटही दक्षिणेला उशी करून भिंतीला लावलेली. असं घर तिरकं आहे, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? शिवाय स्टँड सिमेंटात गाडलाय. फोडायचा तर आवाज खाली जाणारच. माझी तर दोन्हीकडून कोंडी झाली आहे.

काय करू ते लिही. तुझ्या ताईची आठवण असू दे.

राहीताई

शेवगाव, १६ फेब्रुवारी १९९७

चि. कानिफ यास अ. उ. आ.

तुझं कार्ड मिळालं होतं. 'फोड' एवढंच लिहिलंस, मामंजींना काय सांगू ते नाही, भित्र्या!

पहारीचा पहिला घाव पडला आणि खालून हाक आली. मी सगळं सांगितलं. माजं घर वाकडं म्हंतीस व्हय, असं म्हणून मामंजींनी भिंतीकडे तोंड केलं. माझ्या हातचं जेवेनात. शेजारच्या बायडाबाई भरवायच्या. मी रडले, पण स्टँड फिरवलाच. तारा चौकटीत थांबला. फोटोत तारे मोहरीसारखे गोल आले. एक प्रत वेधशाळेला धाडली, एक मामंजींच्या उशाशी ठेवून दिली.

काल वर्गाचं बोलावणं आलं. ते मी त्यांना वाचून दाखवलं, आणि जाणार नाही हेही सांगून टाकलं.

आज सकाळी त्यांनी बायडाबाईंना बोलावलं. माझ्याशी थेट बोलणं अजून बंदच. तिला सांगा, म्हणाले, इतकी वर्सं माजं डोकं कुन्या दिशेला हुतं कुनाला ठावं. आदी ही खाट तिच्या रेघंवर घ्या. आम्ही दोघींनी खाट गच्चीवरच्या स्टँडच्या नव्या दिशेला धरून ओढली. आता ती भिंत सोडून खोलीत तिरकी उभी आहे. येताजाता नडगीला लागते.

मग डोळे मिटून त्यांनी बायडाबाईंनाच विचारलं, तुमी दोनी येळंला येताल न्हवं? व्हय म्हणाल्यावर म्हणाले, मंग ईचारा तिला, पुन्याला कवा निघती.

पुढच्या सोमवारी येते. एस.टी. स्टँडवर घ्यायला ये, आणि होती तशीच माया ठेव.

राहीताई