सत्काराची फांदी

कोल्हापूर,
१९ फेब्रुवारी २००६

प्रिय प्रसेनजीत,

पाकीट जाड बघून तू आधी शेवटचं पान काढशील, तुझी जुनी खोड. या वेळी तसं करू नकोस. तुझ्या आईबद्दल लिहायचंय. दिवाळीत ऑपरेशन झालं, छातीतली गाठ काढली, आता केमोचे डोस चालू आहेत, एवढं तुला ठाऊक आहे. डोस चालू नाहीत. काकूंनी ते बंद केलेत, आणि तुला कळवायचं नाही अशी प्रीतीला शपथ घातलीय. मी फोन केला असता, पण मग तू लगेच मुरगूडला फोन लावला असतास, काकू ‘मी झ्याक हाय की’ म्हणाल्या असत्या आणि तुझी बहीण शेजारी उभी राहून गप्प बसली असती. तुझंही समाधान झालं असतं. म्हणून हे कुरिअरनं पाठवतेय. हे कसं घडलं ते समजायला आमच्या कॉलेजात झालेली जत्रा तुला आधी सांगायला हवी.

सयाजीराव सर आठवतात ना? आपल्याला एम.एस्सी.ला शिकवायचे, म्हणजे हजेरी घ्यायचे आणि फळ्यावर तारीख लिहायचे. ते आता विभागप्रमुख आहेत आणि मी त्यांच्या हाताखाली. त्यांना यंदा साक्षात्कार झाला की देशाला नवी औषधं हवीत आणि ती कोल्हापुरात सापडली पाहिजेत, तीसुद्धा मार्चच्या आत, कारण अनुदान मार्चअखेर संपवायचं असतं. मग निघाली पत्रिका: ‘नवसंशोधकांसाठी औषधशोधाचे पाच दिवसीय प्रशिक्षण’. पाच दिवस! आमच्या गल्लीत शिवणकामाचा क्लास तीन महिने चालतो, आणि त्यानंतरही बायका ब्लाउजची बाही उलटी लावतात.

नवसंशोधक आले सांगली, कऱ्हाड, गडहिंग्लजहून. निम्मे माझ्या वयाचे प्राध्यापक होते. त्यांना बढतीसाठी प्रमाणपत्र हवं होतं आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी मागितलं. प्रत्येकाला रेक्झिनची बॅग, पेन आणि पॅड. उद्घाटन दुपारपर्यंत चाललं, कारण मंचावर जेवढे बसले होते त्या सगळ्यांचा सत्कार झाला, आणि मग सत्कार करणाऱ्यांचाही झाला. दुपारी भारनियमन. संगणक बंद, पंखे बंद, तरी वक्ते चालू. एकूण तीन वक्त्यांनी कुलूप आणि किल्लीचं तेच उदाहरण दिलं आणि तिघांनाही वाटलं की ते आपल्यालाच सुचलंय.

पुण्याहून एक मोठे तज्ज्ञ आले होते. त्यांच्याकडे एक पडदाभर आकृती होती: एक औषध बाजारात यायला दहा-बारा वर्षं कशी जातात आणि हजारो रेणूंतला एखादाच कसा टिकतो. अख्ख्या पाच दिवसांत तेवढीच एक खरी गोष्ट सांगितली गेली. ती सांगून होईपर्यंत सगळे चहाला उठले होते. तज्ज्ञांनाही अंबाबाईच्या दर्शनाची घाई होती, त्यामुळे कुणाचंच अडलं नाही.

चौथ्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. ते काय असतं हे तुला सांगायला नको, तू तेच करून पगार घेतोस. पण काकूंना समजावताना तुला उपयोगी पडेल म्हणून मी त्यांना जसं सांगितलं तसंच लिहिते. आजारातल्या एका प्रथिनाचं चित्र पडद्यावर असतं, त्यात एक खळगा असतो, आणि झाडाझुडपातल्या रेणूंची चित्रं एकेक करून त्या खळग्यात बसवून बघायची. कोण किती घट्ट बसतं त्याचा आकडा संगणक देतो. बस. ना उंदीर, ना माणूस, साधी काचेच्या बशीतली पेशीसुद्धा नाही. वरद नावाच्या एका हुशार पोराच्या गटानं राधानगरीच्या जंगलातल्या एका झुडपाचा रेणू बसवला आणि त्याचा आकडा सगळ्यांत चांगला आला. झुडपाचं नाव लिहीत नाही. आधीच लोकांनी ते ओरबाडायला सुरुवात केलीय. वरद बिचारा म्हणत होता की सर, हा आकडा कशालाही येतो, साखरेचा रेणू घातला तरी बरा येईल. सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला चहा आणायला पाठवलं.

समारोपाला पुष्पगुच्छाऐवजी काहीतरी वेगळं द्यायचं सरांच्या डोक्यात आलं. राधानगरीहून गाडीभर ते झुडूप मागवलं. शाल, नारळ आणि त्या झुडपाची एकेक फांदी, सोनेरी कागदात गुंडाळून! प्रमुख पाहुण्यांना फांदी द्यायला मला पुढं ढकललं, कारण फोटोत एक बाई हवी होती. डोक्यावर फेटा बांधला होता, तो सारखा कपाळावर येत होता. पाहुणे फांदी उंचावून म्हणाले, ‘आमच्या राधानगरीच्या पाल्यानं क्यान्सरला चितपट केलं की!’ टाळ्या थांबेनात. पांढरा आणि तांबडा रस्सा तयार असल्याची वर्दी आली तेव्हा कुठं थांबल्या. पाच दिवसांत वेळेवर सुरू झालेला एकमेव कार्यक्रम तो.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर: ‘कर्करोगावरील वनौषधी कोल्हापूरच्या संशोधकांना गवसली’. खाली फोटो. फेट्यातली मी, हातात फांदी. बातमीचा मजकूर सरांनीच लिहून दिला होता. मी त्यांच्या खोलीत जाऊन म्हटलं, सर, खुलासा द्या, निदान ‘शक्यता’ हा शब्द तरी घाला. ते विड्याचं पान जुळवत शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, शक्यता घातली की बातमी आतल्या पानावर जात्या.’ पीएच.डी. केलेला माणूस आहे हा. याच्या हाताखाली आणखी चौघं पीएच.डी. करताहेत. मग मीच खुलासा लिहून पेपरच्या कचेरीत नेऊन दिला. तो छापून आला शुक्रवारी, लग्नाच्या मंगल कार्यालयांच्या जाहिरातींच्या मध्ये, चार ओळींत. तुला सांगते, मला भिंग घेऊन शोधावा लागला.

आणि लोक यायला लागले. हातकणंगल्याहून एक आकाराम नावाचे गृहस्थ आले, बायकोचे रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन. आमच्या शिपायाला विचारत होते, ‘पावणं, त्यो पाला हितंच मिळतोय न्हवं?’ त्यांना मी तासभर समजावलं. ते हात जोडून उठले आणि जाताना म्हणाले, ‘मोठ्या लोकास्नी देताय, आमाला कोण देणार!’ सर मात्र कुणाला भेटत नाहीत. संशोधन सुरू आहे, पुढच्या वर्षी या, असा निरोप ठेवलाय. पुढच्या वर्षी! त्यांच्याकडे येणाऱ्यांतल्या कितीजणांना पुढचं वर्ष आहे, याचा त्या माणसानं क्षणभर तरी विचार केला असेल का? मला त्यांचा राग येत नाही आता, किळस येते.

गेल्या रविवारी प्रीती रडत घरी आली तेव्हा मला कळलं की तो पेपर तुमच्याही घरात पोचलाय. मी तिच्याबरोबरच मुरगूडची एसटी धरली. काकू चुलीवर पाला उकळत बसल्या होत्या. डोक्यावरचे केस गेलेत, पदर घट्ट ओढून घेतला होता. मला बघून इतक्या खूश झाल्या की विचारू नकोस. माझा फोटो कापून त्यांनी बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी चिकटवलाय, अरे! दोन डोस घेतले तेव्हा ओकून ओकून आतडी बाहेर यायची वेळ आली होती, तिसऱ्याला जायच्या आदल्या दिवशी तो पेपर आला आणि त्यांनी जायचं नाही असं ठरवून टाकलं. बगलेत आता पुन्हा काहीतरी हाताला लागतंय. ते त्यांनी प्रीतीला दाखवलं नाही, मला दाखवलं.

मी हात धरून सगळं सांगितलं. पडदा, चित्रं, आकडा, रस्सा, सगळं. म्हटलं, काकू, तो माझाच फोटो आहे आणि मीच सांगतेय की ते औषध नाही. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘तू मास्तरीण हायस बाई, तुला कुठनं ठावं असणार? माझा प्रसेन औषधाच्या कंपनीत हाय. त्यानंच हुडकलंय हे. गुपित ठेवायला लावलंय त्याला, म्हणून बोलत न्हाय पोरगं.’ आणि मग खालच्या आवाजात, ‘मी म्हनलं, पोरानं आईसाठीच केलं आसंल. आपल्या घरात औषध आसताना सुया कशाला टोचून घ्यायच्या?’ प्रसेन, मी त्यांच्यासमोर रडले. मला आवरलंच नाही. त्यांनी मलाच त्या काढ्याचा पेला पुढं केला.

तू म्हणशील, हिचा काय संबंध. माझ्या वडिलांनी, अप्पांनी, आपलं लग्न होऊ दिलं नाही, मी त्यांच्यापुढं उभी राहू शकले नाही, आणि तू हैदराबाद गाठलंस, ते सगळं तुला माहीत आहे. पण काकूंनी मला कधी एका शब्दानं त्याचा जाब विचारला नाही. आजही मी गेले की आधी भाकरी टाकतात.

म्हणून सांगते ते ऐक. पत्र मिळेल त्याच दिवशीची रात्रीची बस पकड. हॉस्पिटलमध्ये मी बोललेय, या आठवड्यात आणलंत तर डोस पुन्हा सुरू करता येतील म्हणाले. फोनवर काही बोलू नकोस, पैसेही पाठवू नकोस, स्वतः ये. आईसमोर पाटावर बस आणि तिला सांग की सहा वर्षं तूही पडद्यावर चित्रंच बसवतोयस, तुझ्या हातून एकही औषध झालेलं नाही, तुझे सगळे रेणू कंपनीच्या फ्रीजमध्ये पडून आहेत. हे तूच मला मागच्या पत्रात लिहिलं होतंस, हसत. तिला ते हसत सांगू नकोस. सगळ्या मुरगुडाला तिनं सांगून ठेवलंय की माझा लेक औषधं शोधतो, त्यामुळे तिला लागेल, आणि तुलाही. सयाजीरावांच्या पेपरला मी खोटं ठरवू शकले असते. पण तिनं तो डोस पेपर वाचून सोडलेला नाही, तुझ्यावर विश्वास ठेवून सोडलाय.

तुझीच,
पद्मजा